जुन्या किल्लीचं कुलूप

लोक मला बोलावतात ते बैल गेल्यावर, झोपा करायला.
हॅलिफॅक्सच्या चढाच्या गल्ल्यांतून माझी व्हॅन फिरते,
तिच्या कुशीवर लिहिलंय : लिंडसे क्रॅब्ट्री, कुलपं, दिवसरात्र.
मागे कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, पितळेचा कीस
आणि एक थर्मास, ज्याचं झाकण हरवलंय.

घरोघरी मी तेच सांगते, पाढे म्हणावेत तसं :
गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला नको,
पत्रांच्या फटीतून गळ टाकून ओढतात.
नव्या गाडीची असेल तर पत्र्याच्या डब्यात ठेवा,
हल्ली बाहेर उभं राहून तिचा आवाजसुद्धा चोरतात.
स्टिअरिंगला दांडा लावा. पिवळा. लांबून दिसू दे.
शिडी बागेत टाकून ठेवू नका,
ती तुमच्या खिडकीशी कुणाचीही ओळख करून देते.
माना डोलतात. चहा येतो.
पुढच्या वर्षी त्यांचेच शेजारी बोलावतात.

मंगळवारी श्रीमती ऑर्मरॉड.
वय एक्याऐंशी, कानात यंत्र. निळी फिएस्टा गेलेली.
नवरा वारल्यापासून त्या तिला फक्त रविवारी
दहा मिनिटं जागेवरच घरघरू द्यायच्या.
"फटीतून गळ टाकला असणार," बाई म्हणाल्या.
मी वाकून पाहिलं.
फटीच्या ब्रशात कोळ्याचं जाळं, अखंड,
मधोमध एक वाळलेली माशी.
"असेल," मी म्हणाले.

किल्ली होती फडताळात, तिसऱ्या फळीवर,
बिस्किटांच्या डब्यात, बटणांच्या खाली.
डबा जागच्या जागी होता. झाकण घट्ट.
त्या झाकणाची एक खोड आहे, बाई बोलता बोलता सांगून गेल्या,
डाव्या कोपऱ्यावर बुक्की मारल्याशिवाय ते बसत नाही.

चांदीचे चमचे होते. भिंतीवरचं घड्याळ होतं.
मागच्या दाराचं कुलूप मी भिंगातून पाहिलं :
ओरखडा नाही.
आणि जाताना बाहेरून लावलेलं, दोन वेढे.

वीस वर्षं ह्या धंद्यात आहे.
चोर दार लावून जात नाहीत.

"दोन्ही बदल," बाई म्हणाल्या, "पोलिसांनी सांगितलंय.
पुढचं हवं तेवढं मजबूत बसव. मागचंही.
फक्त..." ॲप्रनच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली,
दात झिजलेले, गळ्यात लाल लोकरीचा धागा.
"नवं कुलूप हिनेच उघडेल, असं करता येतं का?
हिची जोड आमच्या स्टुअर्टकडे आहे.
अकरा वर्षं झाली.
आलाच, तर थंडीत बाहेर उभा राहायला नको."

करता येतं.
नियमात बसतं, शहाणपणात बसत नाही.
व्हॅनमध्ये दिवा लावून बसले,
तांदळाच्या कणीएवढ्या पितळी पिना
चिमट्याने उचलून
त्या झिजलेल्या दातांच्या उंचसखलाशी जुळवत.
चौथी अडत होती. कानशीने दोनदा घासली.
इतकं चोख कुलूप ह्या वर्षात मी बसवलं नाही :
ना पकडीने तुटेल, ना ड्रिलने,
जगात दोनच किल्ल्यांना वश.

बिल लिहिता लिहिता म्हणाले,
"मागच्या दाराला रात्री आतून कडी घालत जा."
"घालते," बाई म्हणाल्या,
मी ज्या आवाजात "असेल" म्हणाले होते
त्याच आवाजात.

मागच्या बोळातून व्हॅन वळवली तेव्हा
स्वयंपाकघरात दिवा होता.
पोलिसांसाठी काढलेले गाडीचे कागद
बाई घडी घालून डब्यात ठेवत होत्या,
वर मूठमूठ बटणं.
काच खाली होती माझी.
बुक्की ऐकू आली, डाव्या कोपऱ्यावरची.